कार्यक्रमपत्रिका कशी तयार करावी : मुंबईतील मंडळे, वाचनालये आणि गृहनिर्माण संस्थांसाठी

सार्वजनिक कार्यक्रम ठरला की बहुतेक संस्थांमध्ये आधी सभागृह, मग पाहुणे, मग अल्पोपाहार आणि अगदी शेवटी, छापखान्यात द्यायला दोन दिवस उरले असताना, कार्यक्रमपत्रिका असा क्रम असतो. हा क्रम उलटा करावा, असे या लेखात सुचवायचे आहे. पत्रिकेचा कच्चा मसुदा पहिल्याच बैठकीत लिहायला घेतला, तर कार्यक्रमातील सगळ्या फटी त्याच दिवशी दिसू लागतात. कारण जी गोष्ट कागदावर एका ओळीत लिहिता येत नाही, ती बहुधा अजून ठरलेलीच नसते. ‘मान्यवरांचे मनोगत’ अशी ओळ आपण सहज लिहून जातो. पण मान्यवर कोण, किती, आणि प्रत्येकाने किती वेळ बोलायचे, हे विचारल्यावर बैठकीत शांतता पसरते. ही शांतता कार्यक्रमाच्या दिवशी व्यासपीठावर पसरण्यापेक्षा सहा आठवडे आधी बैठकीत पसरलेली केव्हाही चांगली.

तीन वेगळे कागद

आपल्याकडे एकाच कागदाकडून तीन कामांची अपेक्षा केली जाते आणि त्यामुळे तिन्ही कामे अर्धवट राहतात. पहिला कागद निमंत्रणपत्रिकेचा. तो घरी किंवा मोबाइलवर पोचतो आणि माणसाला येण्याचे निमित्त देतो. त्यात कोण, काय, कुठे, कधी आणि कधीपर्यंत एवढेच असावे. दुसरा कागद कार्यक्रमपत्रिकेचा. तो सभागृहाच्या दारात हातात पडतो आणि बसलेल्या श्रोत्याला पुढे काय आहे, गाणारी मुलगी कोण आहे, वक्त्यांचे काम काय आहे, हे सांगतो. तिसरा कागद छापला जात नाही, पण कार्यक्रम त्याच्यावरच चालतो : सूत्रसंचालक, रंगमंचामागचे कार्यकर्ते, ध्वनियोजना पाहणारा आणि वेळ पाहणारा यांच्या हातातील मिनिटांचा तक्ता. हा तक्ता आधी तयार करावा, त्यातून कार्यक्रमपत्रिका काढावी आणि कार्यक्रमपत्रिकेतून निमंत्रणाचा मजकूर काढावा. तसे केल्याने तिन्ही कागदांवर वेळ आणि नावे एकच राहतात. एरवी निमंत्रणात साडेपाच, फलकावर सहा आणि पत्रिकेत ‘वेळेवर उपस्थित राहावे’ असे तीन निरनिराळे निरोप लोकांपर्यंत जातात.

मिनिटांचा हिशेब

वाचनालयाचा वार्षिक पारितोषिक वितरण समारंभ घेऊ. सभागृह संध्याकाळी ५ ते ८.३० या वेळेत मिळाले आहे आणि कार्यक्रम ५.३० ला सुरू करायचा आहे. स्वागत, दीपप्रज्वलन आणि राज्यगीत यांना ८ मिनिटे, प्रास्ताविकाला ७, पाहुण्यांचा परिचय आणि सत्कार यांना ८. पारितोषिके ३० मुलांना द्यायची आहेत. नाव पुकारणे, मुलाने पायऱ्या चढणे, हस्तांदोलन, छायाचित्र आणि खाली उतरणे याला प्रत्येकी ४० सेकंद धरले, तर २० मिनिटे होतात. मुलांचे तीन छोटे कार्यक्रम प्रत्येकी ८ मिनिटांचे, म्हणजे २४ मिनिटे. पण प्रत्येकाआधी माइक हलवायला आणि मुले उभी करायला २ मिनिटे लागतातच, म्हणून ३०. प्रमुख पाहुण्यांचे भाषण २५ मिनिटे, अध्यक्षीय समारोप १२, आभार ४ आणि राष्ट्रगीताला, त्याचे पूर्ण गायन सुमारे ५२ सेकंदांचे असले तरी, एक मिनिट. बेरीज ११५ मिनिटे होते. त्यात २० मिनिटे मोकळी ठेवावीत आणि समाप्तीची वेळ ७.४५ अशी छापावी. सभागृह रिकामे करायला, मुलांचे पोशाख गोळा करायला आणि पालकांना दोन शब्द बोलायला मग पाऊण तास हाताशी राहतो.

या हिशेबात सर्वांत जास्त चुकतो तो पारितोषिकांचा आणि सत्काराचा भाग. ३० मुले सभागृहात विखुरलेली बसली असतील तर ४० सेकंदांची दीड मिनिटे होतात आणि २० मिनिटांच्या जागी पाऊण तास जातो. त्यासाठी विजेत्यांना व्यासपीठाच्या पायऱ्यांच्या बाजूच्या पहिल्या दोन रांगांमध्ये, नावे पुकारली जाणार असतील त्याच क्रमाने बसवावे. एक कार्यकर्ता पायरीपाशी पुढील तीन मुले उभी ठेवील, दुसरा टेबलावरील स्मृतिचिन्हे त्याच क्रमाने लावील, आणि सूत्रसंचालकाने एका मुलाचे छायाचित्र निघत असतानाच पुढचे नाव पुकारावे. पारितोषिकाच्या पाकिटावर आणि यादीत एकच अनुक्रमांक घातला, तर सानिकाचे प्रमाणपत्र सायलीच्या हातात जात नाही. मुलांसाठी ही आयुष्यभर लक्षात राहणारी वेळ असते आणि ती घाईगर्दीत, चुकीच्या नावाने आणि पाठमोऱ्या छायाचित्राने वाया जाऊ देऊ नये, असे मला फार मनापासून वाटते.

सत्काराबद्दल माझे मत स्पष्ट आहे : व्यासपीठावर चारपेक्षा जास्त खुर्च्या नसाव्यात. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ अशा प्रत्येक सत्काराला निदान एक मिनिट लागते, आणि दहा जणांचा सत्कार म्हणजे मूळ कार्यक्रम सुरू होण्याआधीच दहा मिनिटे गेली. देणगीदार, माजी अध्यक्ष आणि सहकार्य करणाऱ्या संस्था यांची नावे पत्रिकेच्या शेवटच्या पानावर आदराने, पूर्ण आणि अचूक छापावीत. त्यांना पहिल्या रांगेत बसवावे आणि सूत्रसंचालकाने एकदा त्यांचा उल्लेख करावा. शाल-श्रीफळाऐवजी पुस्तक द्यायचे ठरले, तर ते पाहुण्यांच्या विषयाला धरून निवडलेले असावे.

प्रमुख पाहुण्यांना वेळ सांगायला संकोच करू नये. निमंत्रणाच्या पत्रातच ‘आपल्या व्याख्यानासाठी पंचवीस मिनिटे राखून ठेवली आहेत, आणि आपण सायंकाळी सहा वाजून पंचेचाळीस मिनिटांच्या सुमारास बोलावे अशी विनंती आहे’ असे लिहावे. आदल्या दिवशी दूरध्वनीवर ‘सर, उद्या आपल्याकडे पंचवीस मिनिटे आहेत, शेवटची पाच मिनिटे उरली की समोर बसलेली आमची कार्यकर्ती चिठ्ठी दाखवील’ असे सांगितले, की अनुभवी वक्ते उलट आभारच मानतात. चांगला वक्ता वेळेची चौकट मिळाली की तयारी करून येतो. ‘तुम्हाला हवे तेवढे बोला’ असे सांगणे हा त्याचा मान नव्हे.

कार्यक्रमाचा क्रम आणि ज्याची त्याची रीत

सभेचा म्हणून एक क्रम मराठी सार्वजनिक जीवनात रूढ आहे : स्वागत, दीपप्रज्वलन किंवा प्रतिमापूजन, ईशस्तवन किंवा स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, सत्कार, मुख्य कार्यक्रम, अध्यक्षीय भाषण, आभारप्रदर्शन आणि शेवटी राष्ट्रगीत किंवा पसायदान. हा क्रम सोयीचा आहे. परंतु तो प्रत्येक ठिकाणी जसाच्या तसा उतरवू नये. १४ एप्रिलला बाबासाहेबांच्या जयंतीचा कार्यक्रम असेल, तर प्रारंभ प्रतिमेला पुष्पहार अर्पण करून आणि त्रिशरण-पंचशील ग्रहण करून होतो, आणि पत्रिकेत तसेच लिहावे. तेथे सवयीने ‘दीपप्रज्वलन व सरस्वतीपूजन’ छापून आणणे हे त्या लोकांच्या श्रद्धेकडे दुर्लक्ष केल्यासारखे होते. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती, २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन, ५ नोव्हेंबरला मराठी रंगभूमी दिन, २६ नोव्हेंबरला संविधान दिन. प्रत्येक दिवसाला साजेसा प्रारंभ वेगळा असू शकतो. संविधान दिनाला उद्देशिकेचे सामूहिक वाचन ठेवले, तर तिचा मराठी मजकूर पत्रिकेत छापलेला असलाच पाहिजे, कारण हातात मजकूर नसेल तर लोक नुसते ओठ हलवतात.

महाराष्ट्र शासनाने ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत राज्यगीत म्हणून स्वीकारले आणि १९ फेब्रुवारी २०२३ पासून ते अमलात आले. ते प्रारंभी घ्यायचे ठरले असेल, तर सुमारे पावणेदोन मिनिटे धरावीत आणि ध्वनिमुद्रण वाजवणार की मुले गाणार, हे तक्त्यात नोंदवावे. राष्ट्रगीत हा आभारप्रदर्शनानंतरचा वेगळा कार्यक्रम आहे, हे पत्रिकेत स्वतंत्र ओळीत दिसू द्यावे. ‘आभार व राष्ट्रगीत’ असे एकत्र छापले की आभार सुरू होताच अर्धे सभागृह उठायला लागते.

शिवजयंतीसारख्या काही दिवसांबाबत तारीख आणि तिथी यांचा घोळ होतो. शासकीय कार्यक्रम १९ फेब्रुवारीला होतात, तर अनेक मंडळे फाल्गुन वद्य तृतीयेला जयंती साजरी करतात. मंडळाने यांपैकी काहीही ठरवावे, परंतु पत्रिकेवर वार, इंग्रजी तारीख आणि तिथी या तिन्ही गोष्टी लिहायच्या असतील, तर त्या तिन्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवरून आणि पंचांगावरून पडताळाव्यात. मुंबईच्या मराठी घरांत छापील पंचांगाची सवय फार जुनी आहे. गणपत कृष्णाजी यांनी १८४१ मध्ये याच शहरात मराठी पंचांग छापले आणि तेव्हापासून पत्रिका हातात आली की आधी तिथी पाहणारा वाचक येथे आहे. चुकीची तिथी त्याच्या नजरेतून सुटत नाही. वाराची चूक तर सर्वांना अडचणीत टाकते : १ मे २०२७ रोजी शनिवार आहे आणि पत्रिकेवर रविवार छापला गेला, तर निम्मे लोक दुसऱ्या दिवशी सभागृहाच्या बंद दाराशी उभे राहतील.

ठिकाण, वेळ आणि लोकल

मुंबईत पत्ता म्हणजे आधी स्थानक, मग पूर्व की पश्चिम, मग चालत किती मिनिटे. ‘शिवाजी मंदिर, दादर’ एवढे लिहिल्याने जुन्या नाट्यरसिकाचे भागते, परंतु विरारहून पहिल्यांदा येणारा तरुण शिवाजी पार्कवर जाऊन उभा राहतो. ‘श्री शिवाजी मंदिर, न. चिं. केळकर मार्ग, प्लाझा चित्रपटगृहासमोर, दादर (पश्चिम)’ असे लिहावे. रवींद्र नाट्यमंदिर प्रभादेवीला आहे. प्रभादेवी हे पश्चिम रेल्वेवरील स्थानकाचे नाव २०१८ पासूनचे आहे आणि ज्येष्ठ मंडळी अजूनही एल्फिन्स्टन म्हणूनच ते ओळखतात, तेव्हा त्यांना दूरध्वनीवर सांगताना जुने नावही सांगावे. विलेपार्ल्याचे दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह पूर्वेला आहे. पूर्व-पश्चिमेची एक चूक म्हणजे गुडघे दुखणाऱ्या आजींना पुलाच्या दोन जिन्यांची चढ-उतर. सभागृह वरच्या मजल्यावर असेल तर उद्वाहक आहे की नाही, चाकाची खुर्ची आत येते की नाही, हेही निमंत्रणात एका ओळीत लिहावे. असे लिहिल्याने जे एरवी घरी राहिले असते, ते येतात.

रविवारचा कार्यक्रम ठरवताना मेगाब्लॉकचा विचार करावा. देखभालीसाठीचे हे ब्लॉक बहुधा रविवारी दिवसा असतात, त्यामुळे दुपारी दोनचा कार्यक्रम असेल तर डोंबिवली, पनवेल, वसईकडून येणाऱ्यांना पोचायला उशीर होतो. त्यापेक्षा संध्याकाळी साडेपाचची वेळ बरी. समाप्तीची वेळ छापणे ही गोष्ट मुंबईत विशेष महत्त्वाची आहे. लोकांना परतीची गाडी, उद्याचा डबा आणि मुलांची शाळा असते, ७.४५ ला कार्यक्रम संपणार असे छापील आश्वासन असेल आणि संस्था ते पाळते असा लौकिक असेल, तर लोक शेवटपर्यंत बसतात. समाप्तीची वेळ माहीत नसलेला श्रोता साडेसातपासून घड्याळ पाहतो आणि दाराजवळची खुर्ची धरतो.

मे महिन्यात आणि गणपतीच्या दिवसांत मुंबईतील कोकणी चाकरमानी गावी असतात, दहावी-बारावीच्या परीक्षांच्या काळात पालक घराबाहेर पडत नाहीत आणि जुलै-ऑगस्टमध्ये पावसाने एखादा दिवस शहरच थांबते. महापालिकेची नाट्यगृहे, जसे बोरिवलीचे प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह किंवा मुलुंडचे कालिदास, सत्रांप्रमाणे मिळतात आणि शनिवार-रविवारच्या सत्रांना व्यावसायिक नाटकांची मोठी मागणी असते. लहान कार्यक्रमाला शाळेचे किंवा वाचनालयाचे सभागृह अधिक योग्य ठरते. दोनशे माणसे आठशेंच्या नाट्यगृहात विखुरली की उत्तम भाषणही फिके पडते.

परवानग्या, ज्यांचा पत्रिकेशी थेट संबंध आहे

उघड्या मैदानात किंवा इमारतीच्या आवारात कार्यक्रम असेल, तर ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण आणि सांस्कृतिक प्रसंगांसाठी राज्य शासन वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सूट देऊ शकते आणि ते दिवस शासन जाहीर करते. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्या भोवतालचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर होऊ शकतो. निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे. तेव्हा मैदानावरील कार्यक्रमाची समाप्ती पत्रिकेतच ९.३० लिहावी, म्हणजे पोलीस ठाण्यात परवानगीसाठी अर्ज देताना त्यासोबत जोडलेली पत्रिका आणि अर्ज यांत फरक राहत नाही. शेजारच्या इमारतीत आजारी माणूस असेल तर आदल्या दिवशी कार्यकर्त्याने जाऊन वेळ सांगावी. त्याला कोणत्याही नियमाची आवश्यकता नाही.

सार्वजनिक रीतीने नाटक किंवा एकांकिका सादर करायची असेल, तर संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते, त्यासाठी वेळ हाताशी ठेवावा. मुखपृष्ठावर कविता छापण्याचा मोह अनेकांना होतो. भारतात कवीच्या निधनानंतर ६० वर्षांपर्यंत स्वामित्वहक्क असतो, म्हणून ज्ञानेश्वर, तुकाराम, केशवसुत यांच्या ओळी निर्धास्तपणे घ्याव्यात आणि अलीकडच्या कवींच्या बाबतीत वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी घ्यावी. अशोकस्तंभाचे राजचिन्ह संस्थेच्या पत्रिकेवर छापू नये. २००५ च्या कायद्याने त्याच्या वापरावर बंधने आहेत, आणि २६ जानेवारीच्या पत्रिकांवर ते हौसेने छापलेले अजूनही दिसते. रस्त्यावर विनापरवाना फलक लावणे हाही गुन्हा आहे. खांबाखांबांवर फ्लेक्स लटकवण्यापेक्षा इमारतीच्या सूचनाफलकावर, वाचनालयात आणि किराणा दुकानाच्या काचेवर मालकाला विचारून लावलेली छापील पत्रिका अधिक वाचली जाते.

कागद, अक्षर आणि छपाई

साध्या कार्यक्रमपत्रिकेला ए-४ आकाराचा एक कागद मधोमध दुमडून होणारी चार पाने पुरतात. पहिल्या पानावर संस्थेचे नाव, कार्यक्रमाचे नाव, वार, तारीख, वेळ आणि ठिकाण. आतील दोन पानांवर कार्यक्रमाचा क्रम आणि कलाकार व वक्ते यांचा तीन-चार ओळींचा परिचय. शेवटच्या पानावर आभार, कार्यकारिणी आणि पुढील कार्यक्रमाची सूचना. कार्यकारिणीतील सर्व नावे पहिल्या पानावर घालण्याचा आग्रह कितीही झाला तरी नम्रपणे नाकारावा. पहिले पान श्रोत्यासाठी असते. पाने वाढवायची झाली आणि मधोमध तारेची पिन मारायची असेल, तर एकूण पाने चारच्या पटीत असावी लागतात : आठ, बारा, सोळा. स्मरणिका काढणाऱ्या मंडळांनी हे जाहिराती गोळा करण्यापूर्वीच लक्षात घ्यावे, म्हणजे सोळा पाने भरल्यावर सतरावी जाहिरात आली की होणारी तारांबळ टळते.

कागद ७० किंवा ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटरचे ग्रॅममधील वजन) असला की मागची छपाई पुढे दिसते. १०० जीएसएमचा मॅपलिथो हातात चांगला लागतो आणि त्यावर चमक नसल्यामुळे सभागृहातील मंद दिव्यातही वाचता येतो. आर्ट पेपर छायाचित्रांना चांगला, परंतु दिव्याखाली चकाकतो. मुख्य मजकूर निदान १२ पॉइंटचा आणि ज्येष्ठ श्रोते जास्त असतील तर १४ चा असावा. गडद रंगाच्या पार्श्वभूमीवर पिवळी अक्षरे आणि मागे देवतेचे फिकट चित्र, ही सजावट वाचनाच्या मुळावर येते. शे-दोनशे प्रतींना डिजिटल छपाई परवडते. प्रती हजाराच्या घरात जाऊ लागल्या की ऑफसेटचा प्रतिनगाचा खर्च कमी येतो, कारण प्लेट तयार करण्याचा सुरुवातीचा खर्च सर्व प्रतींवर वाटला जातो. प्रती मोजताना खुर्च्या मोजू नयेत : जोडपी आणि कुटुंबे एक प्रत वाटून घेतात, त्यामुळे २५० श्रोते अपेक्षित असतील तर १७५ प्रती पुरतात.

छायाचित्रे ३०० डीपीआयची, म्हणजे इंचाला ३०० ठिपके असलेली, द्यावीत. वॉट्सॲपवरून आलेले छायाचित्र दाबले गेलेले असते आणि छापल्यावर धूसर दिसते, म्हणून मूळ चित्र ई-मेलने मागवावे. कागदाच्या कडेपर्यंत रंग न्यायचा असेल, तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर जास्तीचा भाग ठेवावा, नाहीतर कटाईनंतर पांढरी रेघ राहते.

मराठी मजकुराची खरी परीक्षा फाँटमध्ये होते. आपण युनिकोडमध्ये मजकूर पाठवतो आणि अनेक छापखान्यांत तो श्री-लिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये उतरवून कोरलड्रॉ या मांडणीच्या संगणकप्रणालीत मांडला जातो. या उतरवण्यात जोडाक्षरे तुटतात. ‘दुसऱ्या’चे ‘दुसर्या’ होते, ‘सर्वांचे’मधला रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो, ‘ॲड.’च्या जागी रिकामी चौकट येते आणि ‘श्र’ व ‘शृ’ यांची अदलाबदल होते. मूळ फाइलमधील मजकूर बरोबर होता, एवढ्यावर विसंबून राहू नये. छापखान्याने मांडणी केल्यावर जी पीडीएफ येते, ती नव्याने पहिल्या अक्षरापासून तपासावी, आणि अंतिम फाइल देताना अक्षरांचे रूपांतर वक्ररेषांत करून घ्यावे, म्हणजे दुसऱ्या संगणकावर उघडल्यावर फाँट बदलत नाही.

मुद्रितशोधन

मुद्रितशोधन दोघांनी मिळून करावे. एकाने मूळ हस्तलिखित मोठ्याने वाचावे आणि दुसऱ्याने छापील प्रतीवर बोट ठेवून पाहावे, विरामचिन्हेसुद्धा उच्चारावीत. ज्याने मजकूर लिहिला त्याने छापील प्रत पाहणारा होऊ नये, कारण त्याचा डोळा जे असायला हवे तेच वाचतो. शुद्धलेखनाच्या नेहमीच्या चुकांची एक चिठ्ठी जवळ ठेवावी : दीपप्रज्वलन, सूत्रसंचालन, आशीर्वाद, पारितोषिक, विनीत हे शब्द मुंबईतल्या पत्रिकांवर वारंवार चुकतात.

त्यानंतर फक्त नावांसाठी वेगळी फेरी घ्यावी. प्रत्येक व्यक्तीला तिच्या नावाची ओळ छायाचित्र काढून पाठवावी आणि ‘आपले नाव व पद असेच छापावयाचे आहे ना?’ असे विचारून उत्तर लेखी ठेवावे. आडनाव ‘वैद्य’ की ‘वैद’, ‘डॉ.’ की ‘प्रा. डॉ.’, ‘सौ.’ की ‘श्रीमती’ की दोन्ही नको, हे त्या व्यक्तीनेच सांगायचे असते; अनेक स्त्रियांना आपल्या नावामागे काहीही नको असते, आणि तो त्यांचा अधिकार आहे. ‘कै.’ ही उपाधी लाल शाईने अधोरेखित करून प्रत्येक ठिकाणी तपासावी. स्मृतिप्रीत्यर्थ पारितोषिक ज्यांच्या नावे आहे त्यांच्या नावामागील ‘कै.’ देणगीदार चिरंजीवांच्या नावामागे सरकली, तर त्या कुटुंबाला होणारा त्रास कोणत्याही शुद्धिपत्रकाने भरून निघत नाही. बौद्ध कुटुंबांत ‘कालकथित’ असे लिहितात, त्यांना विचारून तेच छापावे.

शेवटी चार आकडे पाहावेत : तारीख, वेळ, पिनकोड आणि संपर्काचा दूरध्वनी क्रमांक. संपर्क क्रमांकावर समोर बसून फोन लावून पाहावा. नकाशासाठी क्यूआर कोड छापला असेल, तर तो छापील नमुन्यावरून दोन वेगवेगळ्या मोबाइलवर उघडून बघावा, पडद्यावरून नव्हे. मग नमुना प्रतीवर ‘छपाईस हरकत नाही’ असे लिहून एकाच व्यक्तीने सही करावी. सहीनंतर कोणीही, अध्यक्षांनीसुद्धा, छापखान्याला परस्पर फोन करून बदल सांगू नये.

कार्यक्रमाच्या दिवशी

पत्रिका वाटणारे दोघे दार उघडण्याच्या अर्धा तास आधी उभे असावेत. पावसाळ्यात गठ्ठे प्लास्टिकमध्ये बांधून जमिनीपासून वर, टेबलावर ठेवावेत. ज्येष्ठ श्रोत्यांना पत्रिका देताना आतले पान उघडून हातात द्यावी.

सूत्रसंचालकाच्या हातात प्रत्येक कार्यक्रमासाठी एक पुठ्ठ्याचे कार्ड असावे आणि त्याच्या कोपऱ्यात ठरलेली वेळ ठळक लिहावी. पुढील कार्यक्रमाची ओळख तीस सेकंदांत व्हावी. दोन कार्यक्रमांच्या मध्ये शेरोशायरी आणि कवितेच्या चार ओळी घातल्या, की दहा कार्यक्रमांत दहा मिनिटे जातात आणि मुलांच्या नृत्यातून ती कापावी लागतात. पाहुणे वाहतुकीत अडकले तर वाट पाहत बसू नये. मुलांच्या तीन कार्यक्रमांपैकी दोन आधी घ्यावेत, आणि सूत्रसंचालकाने ‘पत्रिकेतील क्रमांक पाच व सहा आपण आधी पाहणार आहोत’ असे क्रमांकासह सांगावे. यासाठी पत्रिकेतील कार्यक्रमांना क्रमांक देणे आवश्यक आहे. वक्ता बदलला असेल तर छोटी चिठ्ठी छापून पत्रिकेत घालावी. जुने नाव शाईने खोडू नये, तो न आलेल्या माणसाचाही अवमान ठरतो.

वेळ पाहणाऱ्या कार्यकर्त्याने आपल्या तक्त्यावर प्रत्येक कार्यक्रम प्रत्यक्षात केव्हा सुरू झाला आणि केव्हा संपला, हे पेन्सिलीने लिहावे. प्रास्ताविकाला ७ ऐवजी १४ मिनिटे लागली, पारितोषिकांना मात्र १९ च लागली, अशी नोंद पुढील वर्षीच्या बैठकीत फार उपयोगी पडते, कारण तेव्हा अंदाजाने बोलावे लागत नाही.

कार्यक्रम संपल्यावर उरलेल्या प्रती रद्दीत घालण्यापूर्वी पाच प्रती बाजूला काढाव्यात. एक प्रत, पेन्सिलीच्या नोंदींच्या तक्त्यासह, संस्थेच्या त्या वर्षाच्या फाइलमध्ये ठेवावी, दोन प्रती प्रमुख पाहुण्यांना आणि अध्यक्षांना आभारपत्रासोबत पाठवाव्यात, एक परिसरातील सार्वजनिक वाचनालयाला द्यावी आणि एक ज्या मुलांनी कार्यक्रम सादर केला त्यांच्या शाळेला. पत्रिकेवर वर्ष छापायचे बहुतेक जण विसरतात, ‘रविवार, दि. १५ नोव्हेंबर’ एवढेच लिहिलेली पत्रिका वीस वर्षांनी कोणत्या सालची ते सांगता येत नाही, तेव्हा तारखेपुढे वर्ष आहे ना, हे ती फाइलला लावताना नव्हे तर छापखान्यात देतानाच पाहावे.